अहवालात ३८ टक्के आले, आता काय? वाङ्मयचौर्य ओळखणं आणि टाळणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोजगार हमी योजनेवरचा, मराठीतून लिहिलेला पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण होत आलाय. जमा करण्याआधी मसुदा साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासून घेतला तर इतरांच्या लेखनाशी साम्य ३८ टक्के निघालं. अभ्यासक्षेत्राची ओळख करून देणारं दुसरं प्रकरण ६१ टक्के, साहित्याचा आढावा ४४ टक्के, आणि इंग्रजी पुस्तकांच्या आधाराने लिहिलेलं पाचवं प्रकरण फक्त २ टक्के. गाइड म्हणतात, "दहाच्या खाली आणा, मग बोलू." गेटबाहेरच्या टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानात पानामागे पैसे घेऊन 'प्लेजरिझम काढून' मिळतं. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं असं, की जवळपास प्रत्येक परिच्छेदाखाली संदर्भ दिलाय, मग ही चोरी कशी? आणि टक्के कमी करायचे कसे?

ताई, मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो आणि हे अहवाल काढून देणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी घाबरणं थांबवा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै २०१८ मध्ये याबाबत जे नियम काढले त्यात साम्याच्या चार पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शून्य पातळी, तिला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत पहिली पातळी, त्यात ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यायचा असतो. ४० च्या वर ६० पर्यंत दुसरी, त्यात वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण हे सगळं जमा केलेल्या प्रबंधाला लागू होतं, आणि तेही विभागाच्या आणि संस्थेच्या समितीने प्रकरण तपासल्यावर. तुमचा अजून मसुदा आहे. मसुद्यात सापडलं हे बरंच झालं.

याच नियमांत आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती फार थोडे लोक वाचतात. प्रबंधाचा जो तुमचा स्वतःचा गाभा आहे, म्हणजे गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी, त्यात साम्य असताच कामा नये. तिथे सूट आहे ती सर्वसामान्य माहितीला आणि योगायोगाने जुळलेल्या सलग १४ शब्दांपर्यंतच्या मजकुराला, बस. त्यामुळे "दहा टक्क्यांपर्यंत चालतं" हे जे कँटीनमध्ये ऐकू येतं ते चूक आहे. दहा टक्के हा कोटा नाही. एकूण साम्य ७ टक्के आणि ते सगळं निष्कर्षाच्या प्रकरणात असेल, तर तो प्रबंध मी तुमच्या ३८ टक्क्यांच्या मसुद्यापेक्षा वाईट समजेन.

नियमांनी टक्क्यांत बोलून एक बाजार उभा केला हे माझं स्पष्ट मत आहे. मुलांना वाटतं चोरी टक्क्यांत मोजतात, गाइडना वाटतं आकडा खाली आला की आपली सही मोकळी, आणि दुकानदाराला धंदा मिळतो. सॉफ्टवेअर करतं काय, तर तुमच्या मजकुरातल्या शब्दांच्या साखळ्या त्याच्याकडच्या साठ्याशी जुळवून बघतं. साठ्यात इंटरनेटवरची पानं, नियतकालिकं, आधी तपासलेले प्रबंध. जुळलं की रंगवतं. तुम्ही संदर्भ दिलाय की नाही, तो मजकूर कायद्याच्या कलमाचा आहे की कुणाच्या आयुष्यभराच्या विचाराचा, हे त्याला कळत नाही. म्हणून त्या अहवालाचं नावसुद्धा साम्याचा अहवाल असं आहे. चोरी आहे की नाही हे माणसाने तो अहवाल वाचून ठरवायचं असतं.

आता तुमची प्रकरणं एकेक घेऊ.

दुसरं प्रकरण न बघताही त्यात काय आहे ते मी सांगू शकतो. जिल्ह्याचं स्थान अक्षांश-रेखांशांसह. चतुःसीमा. नद्या, डोंगर, मृदा. तालुकावार पर्जन्यमान. २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या. जिल्ह्याचं नाव कसं पडलं याच्या दोन आख्यायिका. प्रेक्षणीय स्थळं. हे सगळं गॅझेटियरमधून किंवा 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना'तून आलेलं, पण सहसा थेट नाही. शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, त्याच जिल्ह्यावरचा एखादा जुना प्रबंध असतो, त्याने ते उतरवलेलं असतं, आणि पुढचे सगळे त्याच्यावरून उतरवतात. म्हणून एखाद्या तालुक्याच्या लोकसंख्येत पहिल्याने एक शून्य जास्त टाइप केलं असेल, तर ते शून्य पुढच्या प्रबंधांतही सुखाने नांदत असतं. चोरी पकडून देणारा असा पुरावा कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही.

या प्रकरणाचे टक्के कमी करत बसू नका. ते प्रकरणच कमी करा. रोजगार हमीच्या अभ्यासाला प्रेक्षणीय स्थळं कशाला हवीत? तुमच्या प्रश्नाला जे लागतं तेवढंच ठेवा: कोरडवाहू आणि सिंचनाखालच्या जमिनीचं प्रमाण, टंचाईची वर्षं, भूमिहीन मजुरांची संख्या, ऊसतोडीला बाहेर जाणारी कुटुंबं, कुठल्या महिन्यांत गावात काम नसतं. आकडे तक्त्यात द्या आणि तक्त्याखाली स्रोत लिहा. वीस पानांची सहा होतील. परीक्षक आभार मानतील, कारण ती वीस पानं तेही वाचत नाहीत.

आकडे, तारखा, कायद्यांची नावं यांच्यावर कुणाची मालकी नसते, हेही इथेच सांगून टाकतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आहे आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, हे तुमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असलेलं आहे. त्याखाली कुणाचं नाव टाकलं नाही म्हणून ती चोरी होत नाही. पण ती योजना का टिकली याचं कुणी दिलेलं कारण, हे त्या माणसाचं मत आहे, त्याची मेहनत आहे. ते घेतलं तर नाव द्यायलाच हवं. माहिती कुठे संपते आणि कुणाचा तरी विचार कुठे सुरू होतो, ही हद्द ओळखता आली की निम्मं काम झालं. शंका असेल तिथे संदर्भ द्या. जास्तीच्या संदर्भामुळे कुणाची पदवी गेलेली नाही.

साहित्याचा आढावा हे खरं दुखणं आहे. "संदर्भ दिलाय, मग चोरी कशी" हा तुमचा प्रश्नही तिथलाच. उदाहरणच घेऊ. खालचा उतारा मी या उत्तरासाठी रचलाय. समजा 'क' नावाच्या लेखकाच्या पुस्तकात पान ४२ वर तो आहे:

"रोजगार हमी योजनेचं खरं वेगळेपण तिच्या पैशात आहे. शहरातल्या पगारदाराने भरलेल्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळालं. १९७२ च्या दुष्काळाने योजनेला निकड दिली, पण तिला टिकवलं ते या कराने."

आणि प्रबंधात हे असं येतं:

"रोहयोचे वेगळेपण तिच्या निधीमध्ये दिसून येते. नागरी भागातील वेतनधारकांनी भरलेल्या व्यवसाय करामधून ग्रामीण मजुरांना रोजगार उपलब्ध झाला. १९७२ च्या अवर्षणामुळे योजनेला तातडी प्राप्त झाली, मात्र तिला टिकवून ठेवले ते या करानेच (क, पृ. ४२)."

संदर्भ आहे, पान आहे, एकही वाक्य जसंच्या तसं नाही. तरीही हे वाङ्मयचौर्य आहे. वाक्यांचा क्रम 'क'चा, विरोध मांडण्याची पद्धत 'क'ची, शेवटचा ठोकासुद्धा 'क'चा. तुम्ही फक्त शहराचं 'नागरी भाग' केलंत, मिळण्याचं 'उपलब्ध होणं' केलंत आणि दुष्काळाला अवर्षण म्हणालात. संदर्भ वाचकाला सांगतो की कल्पना 'क'ची आहे. अवतरणचिन्हं नसल्यामुळे वाचक समजतो की मांडणी तुमची आहे. ती तुमची नाही. तुमच्या विषयातल्या तज्ज्ञाला हे एका नजरेत कळतं. सॉफ्टवेअर कधी अर्धंमुर्धं रंगवतं, कधी सोडून देतं.

मराठीत या प्रकाराची तक्रार नवी नाही. तुकोबांचे अभंग सालोमालो म्हणून कुणी आपल्या नावावर खपवत असे, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. त्याच्यावरच्या अभंगात तुकोबा म्हणतात, "मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें". वचनं उचलून नेण्यावर ते थांबत नाहीत, ती मोडून आपले दागिने घडवण्यावर त्यांचा राग आहे. वरचा दुसरा परिच्छेद नेमकं तेच करतो.

मग बरोबर कसं लिहायचं? दोनच रस्ते आहेत. 'क'चं एखादं वाक्य इतकं नेमकं असेल की बदललं तर बिघडेल, तर ते अवतरणात जसंच्या तसं द्या, पानासकट. नाहीतर पुस्तक मिटा आणि त्या तीन वाक्यांचा तुमच्या प्रबंधाशी संबंध काय, ते स्वतःला विचारून लिहा. असं काहीसं:

"रोहयोचा उगम बहुतेक अभ्यासक १९७२ च्या दुष्काळात शोधतात. क (पृ. ४२) यांचा भर मात्र निधीवर आहे, व्यवसाय कराची तरतूद नसती तर योजना टंचाईबरोबरच ओसरली असती, असा त्यांच्या मांडणीचा रोख दिसतो. प्रस्तुत अभ्यासातल्या दोन्ही गावांत मात्र मजुरांच्या बोलण्यात या कराचा उल्लेख कुठेच आला नाही. त्यांच्या आठवणीतली रोहयो दुष्काळाचीच आहे."

इथे 'क' काय म्हणतो हे एका वाक्यात उरकलं, 'दिसतो' म्हणून तो तुम्ही लावलेला अर्थ आहे हेही सांगितलं, आणि लगेच तुमचं स्वतःचं बोलणं सुरू झालं. साहित्याच्या आढाव्यात हेच व्हायला हवं. आपल्याकडे आढावा म्हणजे "अमुक (साल) यांनी आपल्या संशोधनात असे नमूद केले की" अशी चाळीस परिच्छेदांची रांग असते, प्रत्येक परिच्छेद त्या प्रबंधाच्या गोषवाऱ्यातून उचललेला. त्या रांगेत बोलायला तुम्हाला जागाच नसते, म्हणून ४४ टक्के येतात. लेखकवार लिहिणं सोडून मुद्देवार लिहा. योजनेचा निधी, स्त्रियांचा सहभाग, कामांचा दर्जा, मजुरी वेळेवर मिळणं. प्रत्येक मुद्द्यावर कोण कुणाशी सहमत आहे, कोण भांडतंय, आणि तुम्ही कुठे उभ्या आहात. अशा मांडणीत उचलायला सलग परिच्छेद सापडतच नाही.

आता पाचवं प्रकरण, २ टक्क्यांचं. तुम्हाला त्याची काळजी वाटत नाही. मला सगळ्यात जास्त त्याचीच वाटते.

इंग्रजी पुस्तक उघडं ठेवून परिच्छेदामागून परिच्छेद मराठीत आणला, तर सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, कारण भाषा ओलांडून जुळवणं त्याला नीट जमत नाही. पण भाषा बदलल्याने मालक बदलत नाही. अनुवाद हेही दुसऱ्याचंच लेखन असतं. थेट अनुवाद दिला असेल तर तो अवतरणात हवा, मूळ पानासह, आणि पुढे 'अनुवाद प्रस्तुत संशोधकाचा' असं हवं. सारांश दिला असेल तर वर दाखवल्यासारखा तुमच्या मांडणीतला हवा. हे पाचवं प्रकरण तुम्ही कसं लिहिलंत हे तुम्हालाच माहीत आहे. मूळ पुस्तक शेजारी ठेवून दोन पानं वाचून बघा. परिच्छेदांचा क्रम तोच, उदाहरणं तीच, 'तथापि' त्याच जागी, असं दिसलं तर ते प्रकरण दुसऱ्या प्रकरणाच्याही आधी दुरुस्तीला घ्या.

कमी टक्क्यांवर विश्वास न ठेवण्याचं खास मराठी कारणही आहे. आपल्याकडचा कितीतरी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, योगेश अशा जुन्या फाँटांत टाइप झालाय. पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची रांगोळी असते. तुमची फाइल तशी असेल तर अहवाल शून्याजवळ येईल, आणि ते शून्य बिनकामाचं. उलट बाजूने, शोधगंगेवरचे बरेच जुने मराठी प्रबंध स्कॅन केलेली चित्रं आहेत. त्यांतून उचललेलं सॉफ्टवेअरला दिसत नाही. आज दिसत नाही, एवढंच. तुमचा प्रबंधही पदवीनंतर शोधगंगेवर जाणार, कायमचा. ती अक्षरं वाचणारी यंत्रं दरवर्षी सुधारत आहेत.

टक्के उगाच फुगण्याचीही कारणं आहेत. सॉफ्टवेअर संदर्भसूची आणि अवतरणं वगळू शकतं, पण 'संदर्भसूची' हा मराठी मथळा त्याला कित्येकदा ओळखता येत नाही, आणि आपल्या छापील परंपरेतली एकेरी अवतरणचिन्हं त्याला अवतरण वाटत नाहीत. म्हणून मसुदा द्याल तेव्हा संदर्भसूची वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि अवतरणांना दुहेरी चिन्हं वापरा. श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाण संज्ञा हे सगळं वगळूनच तपासणी करायची असं नियमच सांगतात. तुमच्या विषयात कायद्याची कलमं भरपूर येणार, ती वगळली गेलीत का ते बघा. एवढ्याने तुमच्या ३८ मधले काही टक्के खरोखर आणि प्रामाणिकपणे कमी होतील.

अहवाल वाचताना एकूण आकड्याआधी उजवीकडची स्रोतांची यादी बघा. पन्नास ठिकाणांहून अर्धा-अर्धा टक्का जुळत असेल तर ते बहुधा "प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत" छापाचं असतं, सोडून द्या. एकाच स्रोतातून सहा टक्के आणि तेही सलग तीन पानं, हे गंभीर.

आता मुळाशी येतो. प्रबंधात चोरी लिहिताना होते असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव असा की ती टिपणं काढताना होते. दोन वर्षांपूर्वी एका वहीत उतरवलेला परिच्छेद. पान लिहिलेलं नाही. हे शब्द लेखकाचे की माझे, आता आठवत नाही. अक्षर आपलं असतं, भाषा ओळखीची वाटते, म्हणून ते 'आपलं' म्हणून प्रबंधात जातं. यात खोटेपणा नसतो, पण समितीला तुमचं मन वाचता येत नाही, कागदच वाचता येतो.

जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांनी २०११ साली अशाच काहीशा गोंधळाचा बचाव दिला होता: इतक्या वर्षांचं काम, इतके स्रोत, नजरेतून सुटलं. त्यांच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेची सुरुवातच एका वर्तमानपत्रातल्या लेखातून घेतलेली निघाली. लोकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पानागणिक जुळणी करून दाखवली. फेब्रुवारीत बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली, १ मार्चला त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं, आणि मे महिन्यात विद्यापीठाच्या समितीने हे जाणूनबुजून केलेलं होतं असा निष्कर्ष दिला. टिपणांच्या गोंधळाचा बचाव कुणीही मान्य करत नाही, खरा असला तरी.

म्हणून टिपणाची शिस्त. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर लेखक, पुस्तक, आवृत्ती, पान, हे आधी लिहायचं आणि मगच टिपण. जसाच्या तसा उतारा असेल तर त्याच क्षणी दुहेरी अवतरणचिन्हं, नंतर टाकू म्हणायचं नाही. स्वतःचा विचार सुचला तर वेगळ्या शाईत किंवा पुढे 'मी:' असं लिहून. सारांश असेल तर 'सा.' लिहून, आणि तो पुस्तक मिटूनच. मोबाइलवर पानांचे फोटो काढत असाल तर पहिला फोटो मुखपृष्ठामागच्या प्रकाशन-तपशिलाच्या पानाचा, नाहीतर गॅलरीत सहाशे अनाथ पानं जमतात. टिपणांची फाइल आणि प्रबंधाची फाइल वेगळी. एकीतून दुसरीत कॉपी-पेस्ट करायचं ते फक्त अवतरणांचं. संदर्भ साठवणारं झोटेरोसारखं मोफत साधन देवनागरी नोंदी व्यवस्थित सांभाळतं. एक दुपार देऊन शिकून घ्या. संदर्भाची कुठली पद्धत वापरायची हे विभागाला विचारा आणि एकच धरून ठेवा. पद्धतीवरून होणारे वाद मला निरर्थक वाटतात, वाचकाला मूळ पान सापडलं की झालं.

आणि जे पुस्तक पाहिलंच नाही त्याचा संदर्भ देऊ नका. दुसऱ्याच्या प्रबंधात भेटलेला संदर्भ असेल तर 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं लिहा. कमीपणा नाही त्यात. उलट १९७० च्या दशकातल्या, आता मिळेनाशा झालेल्या पुस्तिकेचा पान क्रमांकासह संदर्भ एखाद्या नव्या प्रबंधात दिसला, की माझं पहिलं काम असतं ती पुस्तिका आपल्या कपाटात आहे का ते बघणं.

क्षेत्रभेटीतल्या माणसांचंही श्रेय असतं. कामावरच्या बाईने दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामाबद्दल एखादी ओवी म्हणून दाखवली, तर ती 'लोकसाहित्यातून' म्हणून मोकळं होऊ नका. तिची संमती असेल तर तिचं नाव, गाव, तारीख लिहा. नाव नको म्हणाली तर तसं लिहा. दुसऱ्या संशोधकाची प्रश्नावली वापरली असेल तर परवानगी आणि उल्लेख दोन्ही हवेत. नकाशे आणि छायाचित्रांचंही तसंच.

गेटबाहेरच्या दुकानाबद्दल. ते लोक काय करतात ते सांगतो. मजकूर यंत्राने इंग्रजीत नेतात, परत मराठीत आणतात. किंवा समानार्थी शब्द भरतात. असा मजकूर मला वाचायला मिळतो तेव्हा 'महिला बचत गट' हा 'स्त्री काटकसर समूह' झालेला असतो आणि 'ग्रामसभे'चं 'खेडे संमेलन'. इंग्रजी शोधनिबंधांतही हा रोग इतका पसरला, की २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा विद्रूप शब्दप्रयोगांची यादीच करायला घेतली. त्या शब्दांवरूनच आता बोगस निबंध पकडले जातात. दुसरी युक्ती म्हणजे शब्दांच्या मधल्या जागेत पांढऱ्या रंगाची अक्षरं भरणं किंवा परिच्छेद चित्र म्हणून चिकटवणं. हे अहवालात वेगळं दाखवलं जातं, आणि ते दिसलं की मुद्दा निष्काळजीपणाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो. तिसरा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानदार तुमचा प्रबंध कुठल्यातरी खात्यातून तपासतो, तो त्या साठ्यात जमा होतो, आणि महिन्याने आम्ही तपासला की तुमचाच प्रबंध तुमच्याशी ९५ टक्के जुळतो. मग सिद्ध करत बसा.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. त्याने लिहून दिलेला परिच्छेद साम्य-अहवालात सहसा येणार नाही, पण तो तुमचा होत नाही. शब्द तपासणं, इंग्रजी लेख समजून घेणं, यासाठी वापरलं तर गाइडना सांगा आणि विद्यापीठाचा नियम असेल त्याप्रमाणे प्रबंधात नोंदवा. त्याने दिलेले मराठी संदर्भ मात्र डोळे मिटून घेऊ नका. लेखक खरा, प्रकाशन खरं, पुस्तक अस्तित्वातच नाही, अशा नोंदी घेऊन लोक माझ्या टेबलाशी येतात. यंत्राने लिहिलंय का हे ओळखणाऱ्या साधनांवरही माझा फारसा भरवसा नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. तेव्हा कुणी निव्वळ त्या आकड्यावरून आरोप केला तर तुमची टिपणं दाखवा. वहीतली खाडाखोड हा तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा.

तुम्ही प्रबंधातलं एखादं प्रकरण आधी परिसंवादात किंवा नियतकालिकात छापलं असेल तर तेही अहवालात जुळून येईल. एप्रिल २०२० मध्ये यूजीसीने याबद्दल स्वतंत्र सूचना काढली आहे: आपलंच जुनं लेखन उल्लेख न करता नवं म्हणून दाखवणं चालणार नाही. उपाय सोपा आहे. प्रकरणाच्या पहिल्या पानावर तळटीप द्या, की याचा काही भाग अमुक ठिकाणी अमुक साली प्रसिद्ध झाला आहे. गाइडच्या पत्रासह तो लेख आम्हाला द्या, आम्ही तो स्रोत वगळून अहवाल काढतो.

एक गैरसमज वारंवार भेटतो, की लेखक जुना असेल तर घेतलं तरी चालतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. महात्मा फुले १८९० साली गेले, त्यांचं लेखन कुणालाही छापायला मोकळं आहे. पण त्यांचं वाक्य आपलं म्हणून लिहायला ते मोकळं नाही. कॉपीराइट हा कायद्याचा प्रश्न, श्रेय हा विद्येचा. उलटही तितकंच खरं: एखाद्याने पैसे घेऊन, राजीखुशीने तुम्हाला प्रकरण लिहून दिलं, तर त्याची तक्रार नसेल, तरी ते तुमचं होत नाही.

आता कामाचा क्रम. आधी पाचवं प्रकरण मूळ पुस्तकांशी ताडून बघा. मग आढावा मुद्देवार नव्याने लिहा. जुन्याला ठिगळं लावू नका, त्यात वेळ जास्त जातो आणि मूळची वाक्यरचना मागे उरतेच. दुसरं प्रकरण शेवटी छाटा, ते एका आठवड्याचं काम आहे. निष्कर्षाचं प्रकरण अहवालात अगदी थोडं जरी रंगलेलं असेल तर तेवढी वाक्यं एकेक करून तपासा. गाइडकडे जाताना आकडा घेऊन जाऊ नका, अहवालाची पूर्ण प्रत न्या आणि प्रत्येक मोठ्या जुळणीपुढे पेन्सिलने कारण लिहा: कलम, अवतरण, माझा लेख, दुरुस्त करते आहे. ते म्हणाले "दहाच्या खाली आणा", तर विचारा की कुठला भाग, कुठल्या स्रोताचा. तेवढं विचारलं की गाइडनाही अहवाल उघडून बघावा लागतो.

फेरतपासणीला द्याल तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे वर सांगितलेल्या जुन्या फाँटांत नव्हे), वर्ड फाइलमध्ये द्या, पीडीएफ नको. आणि तोवर मसुदा कुठल्याही मोफत संकेतस्थळावर तपासून बघू नका, दुकानाच्या बाबतीत सांगितलेला साठ्यात जमा होण्याचा धोका तिथेही असतो.